किल्ली धाकट्याकडे

राऊटरवरचे सगळे दिवे हिरवेगार होते आणि साहेबांच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. एखादा दिवा लाल असता, निदान विझलेला असता, तर बोट ठेवायला जागा तरी मिळाली असती. पण नाही. भिंतीवरचं ते पांढरं डबडं सकाळपासून शहाण्या मुलासारखं लुकलुकत होतं. बायकोचा फोन त्यावर चालत होता, बाहेरच्या खोलीतला टीव्ही चालत होता. साहेबांचा कॉम्प्युटर तेवढा कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दाखवून सांगत होता, की जोडणी आहे, इंटरनेट नाही.

"जोडणी आहे पण इंटरनेट नाही, म्हणजे काय?" साहेबांनी पडद्यालाच विचारलं. "लिफ्ट आहे पण वर जात नाही, असं मी कुणाला पास करून दिलं असतं का कधी?"

साहेब म्हणजे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासण्यात घालवला होता. काही झिजलेलं सापडलं की दाराला तार बांधून शिशाचं सील ठोकायचं आणि पुढच्या इमारतीकडे निघायचं. मग मालक रडो की पाया पडो. खात्यात त्यांना सगळे सीलसाहेब म्हणायचे आणि त्यांना ते मनातून आवडायचंही. निवृत्तीनंतर ठोकायला लिफ्ट उरल्या नाहीत, तेव्हा ती खोड घरात शिरली. जे एकदा नीट बसलं त्याच्या स्क्रूवर साहेब लाल रंगाचा ठिपका देत, म्हणजे कुणी फिरवला तर लगेच कळावं. पंख्यावर ठिपका, मिक्सरवर ठिपका, कॉम्प्युटरच्या मागच्या एकेका स्क्रूवर ठिपका. आमच्याकडे साधा बल्ब बदलायचा तरी आधी अर्ज करावा लागतो, असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

कॉम्प्युटरच्या शेजारी स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. त्यावरची धूळ झटकायचीही कुणाला परवानगी नव्हती. पडद्यावर चाललेला डाव साहेब या पटावर मांडून ठेवत आणि दिवसभर येताजाता त्याच्याकडे बघत. डाव गेल्यातच जमा होता. धाकट्या भावाचा वजीर आणि हत्ती साहेबांच्या राजाच्या दाराशी येऊन बसले होते. एक घोडा मागे घेतला तर अजून काही दिवस तग धरता येईल, एवढंच साहेबांना सापडलं होतं, आणि तेवढी एक चाल त्यांना खेळायची होती.

वेळ आजच्या संध्याकाळपर्यंत होता. त्या साइटवर एका चालीला तीन दिवस मिळतात, आणि तीन दिवसांत चाल आली नाही की डाव आपोआप हरलेला धरतात. हरायचं साहेबांना दुःख नव्हतं. पण खेळून हरणं वेगळं आणि न खेळता हरणं वेगळं. आज वेळ संपला तर धाकटा एकच अर्थ काढणार, की दादाला मात दिसली आणि दादा पट सोडून उठला. मग तोही उठणार. आणि या पटाशिवाय दोघा भावांत दुसरं काहीच शिल्लक नव्हतं.

बोलणं तुटलं ते एका लिफ्टवरूनच. धाकटा सहाव्या मजल्यावर राहायचा. त्याच्या इमारतीची तपासणी नेमकी साहेबांच्या वाट्याला आली, आणि ब्रेक झिजलेला निघाला. धाकट्याच्या बायकोचा पाय तेव्हा मोडलेला, प्लास्टर घालून ती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी यायची होती.

"दादा, एकच दिवस दे," धाकटा फोनवर म्हणाला होता. "तिला वर नेलं की लगेच लाव सील. वाटलं तर मी स्वतः तार धरतो."

"ब्रेक झिजलाय रे."

"आणि तिचा पाय मोडलाय!"

साहेबांनी सील लावलं. दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने वर नेलं, आणि मधल्या एका वळणावर एकाचा हात सुटला. पाय पुन्हा दुखावला, पुन्हा ऑपरेशन झालं, आणि चालण्यात एक लचक कायमची राहून गेली. ब्रेक खरोखरच झिजलेला होता, यात तिळमात्र शंका नाही. साहेबांनी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता ते ऐकायचा त्यांनाच कंटाळा आला होता. पण तिच्या पायाचं कसं काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आधी वाटलं, राग निवळला की विचारू. मग इतके दिवस गेले की विचारायला तोंड उरलं नाही.

आणि मग एके दिवशी पडद्यावर एक चौकट उघडली. धाकट्याने डावाचं आमंत्रण पाठवलं होतं. मजकूर काही नाही, नुसतं आमंत्रण. भांडणाच्या आधी दोघे या साइटवर खेळायचे, खातंसुद्धा त्यानेच उघडून दिलेलं. साहेबांनी प्याद्याची चाल केली, तिकडून प्यादं आलं, आणि तेव्हापासून एकामागून एक डाव चालूच होते. पटाखाली चार ओळी लिहायला जागा असते. ती दोघांच्याही बाजूने कोरी राहिली.

मध्ये एकदा धाकट्याचाच वेळ संपत आला होता. तो कुठे प्रवासात होता की आजारी होता, देव जाणे. समोरच्याचा वेळ संपत आला, की त्या साइटवर एक बटण उजळतं. ते दाबलं की त्या क्षणापासून त्याला पुन्हा पूर्ण तीन दिवस मिळतात. साहेबांनी ते बटण पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि दाबलं नाही. नियम म्हणजे नियम. तो डाव ते जिंकले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तर असा सगळा मामला, आणि नेमक्या याच आठवड्यात ब्रॉडबँड कंपनीला जुन्या तारा काढायची बुद्धी झाली. परवा जुनी लाइन कापली. आज सकाळी हेल्मेट काखेत मारून एक जोडणीवाला आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, नवा राऊटर टांगला, बायकोच्या फोनवर एक गाणं लावून दाखवलं आणि सही मागितली.

"आणि हा कॉम्प्युटर?" साहेबांनी विचारलं.

त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग साहेबांकडे. "हा अजून चालतो?"

"उत्तम चालतो. इंटरनेट येत नाहीये."

"आमचं काम राऊटरपर्यंत, साहेब. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमचं काम सील लावण्यापर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही बघा, हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या जिन्यांत उभं राहून म्हटलं होतं, की त्यावर चिडायलाही जागा नव्हती. त्यांनी निमूट सही केली.

मग सुरू झाली झटापट. साहेबांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचा. पुन्हा पिवळा त्रिकोण. राऊटर बंद केला, चालू केला. बाहेरून टीव्हीवरच्या मालिकेच्या मध्येच बायको ओरडली, "अहो, माझं का बंद करताय?" वायरलेस नको, सरळ वायरच लावू, म्हणून माळ्यावरून वायर काढली, तर ती हातभर आखूड निघाली. मग टेबल ओढलं. टेबलाचा पाय स्टुलाला लागला, पट कलंडला आणि धाकट्याचा हत्ती गडगडत कपाटाखाली गेला. साहेब जमिनीवर पालथे पडून हत्ती शोधू लागले. गुडघा चौकटीवर आपटला. हत्ती हाताला लागला तेव्हा त्याच्यासोबत जाळ्याजळमटांचा गोळा आणि हरवलेलं नेलकटरही बाहेर आलं. वायर जोडली. राऊटरवर आणखी एक दिवा हिरवा झाला. पडद्यावर तोच पिवळा त्रिकोण.

"माझ्या फोनवर उघडून बघा ना ते तुमचं बुद्धिबळ," बायको दारात येऊन म्हणाली.

तेही करून झालं. साइट चुटकीसरशी उघडली आणि पासवर्ड मागू लागली. पासवर्ड कॉम्प्युटरच्या पोटात होता, साहेबांना तो कधी टाकावाच लागला नव्हता. विसरला असेल तर ईमेलवर नवा पाठवतो, असं साइट अदबीने म्हणाली. ईमेल सरकारी खात्याचा होता. खात्याने तो निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी बंद करून टाकला होता, साहेबांच्या खुर्चीसकट.

"मग भावोजींना एक फोन करा," बायको म्हणाली. "सांगा, माझं इंटरनेट बंद आहे, म्हणून."

"काही गरज नाही."

"नाहीतर मी करते."

"तू फोनला हात लावलास तर बघ!"

"त्यावर पण ठिपका दिलाय का?" असं म्हणून ती आत निघून गेली. साहेबांना इतका राग आला, की तो नक्की कुणावर काढावा हेच समजेना, म्हणून त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

मदत केंद्रात आधी बराच वेळ बासरी वाजली. साहेबांना बासरी पूर्वी आवडायची. मग एक बाई आल्या, त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला, आणि तो चालू होईपर्यंत फोन कापला गेला. पुन्हा बासरी. दुसऱ्या बाईंनी दुसऱ्या विभागाकडे देते म्हणून जे लटकावून ठेवलं, ते लटकावूनच ठेवलं. खिडकीतून येणारं ऊन तोवर टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं होतं. साहेब दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत आणि मग, जणू त्याचाच दोष, कॉम्प्युटरला एक चापट मारत. ज्या माणसाने जन्मभर यंत्राला कधी ठोकू नका म्हणून लोकांना दटावलं, तो माणूस आता कॉम्प्युटरला चापटा मारत होता. त्यांना अगदी रडकुंडीला आल्यासारखं झालं.

तिसऱ्या बाई मात्र कामाच्या निघाल्या. "काका," त्या म्हणाल्या, "त्या कॉम्प्युटरमध्ये कुणी हाताने काही सेट केलंय का?"

"माझ्या कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही."

"तसं नाही हो. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आपणहून एक नंबर देतो. काही लोक तो नंबर कॉम्प्युटरमध्ये कायमचा भरून ठेवतात. जुन्या राऊटरला तो चालायचा. नव्याचे नंबर वेगळे असतात, त्याला तो ओळखीचाच नाही. नव्या दाराला जुन्या घराची किल्ली लावल्यासारखं होतं ते. मी सांगते तिथे जाऊन 'आपोआप' यावर खूण करा, झालं."

'आपोआप' हा शब्द ऐकला आणि साहेबांना सगळं आठवलं. हा कॉम्प्युटर धाकट्यानेच बसवून दिला होता. दादा, हे आपोआपवर राहू दे, असं तो परोपरीने सांगत होता. आणि साहेब म्हणाले होते, की आपोआप होणाऱ्या गोष्टीला मायबाप नसतो, नंबर काय तो एकदाच ठरव आणि ठोकून टाक. धाकट्याने कपाळाला हात लावून नंबर ठोकून दिला होता.

बाईंनी सांगितलेल्या जागी साहेब एकेक खिडकी उघडत पोचले. नंबर दिसला. त्याच्या वर 'आपोआप' हा शब्दही दिसला. साहेबांनी त्याच्यावर बाण नेऊन दाबलं, आणि मध्येच एक करडी चौकट येऊन आडवी पडली. या बदलासाठी पासवर्ड लागेल.

"टाका की पासवर्ड," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कीबोर्ड हळूच दूर सारला.

"काका? तुमच्याकडे नाहीये का?"

नव्हता. आणि नसण्याची व्यवस्था साहेबांनी स्वतः, हट्टाने करून घेतली होती. खात्याचा तसा दंडकच होता. सील लावणारा एक आणि किल्ली ठेवणारा दुसरा, म्हणजे सील लावणाऱ्याचा हात मोहाने किंवा मायेने ढिला पडायला नको. साहेबांना तो नियम फार पसंत. म्हणून हे कुलूपही मला स्वतःला उघडता येता कामा नये, असं त्यांनी धाकट्याला बजावलं होतं. पासवर्ड तू ठेव, मला सांगू नकोस, मी विचारला तरी सांगू नकोस. धाकटा तेव्हा पोट धरधरून हसला होता. तेव्हा दोघे हसायचे.

बाईंचे आभार मानून साहेबांनी फोन ठेवला. पटाकडे बघितलं. पडल्यावर घाईने मांडलेला पट, एका प्याद्याला अजून जळमट चिकटलेलं. खिडकीबाहेरचा उजेड मावळत चालला होता. आपण आपल्याच हाताने सगळीकडे सीलं ठोकून मध्ये उभे राहिलो आहोत आणि बाहेर पडायला जिनासुद्धा ठेवलेला नाही, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःची मनस्वी चीड आली.

धाकट्याचा नंबर कुठे बघावा लागला नाही. बोटांना तो पाठ होता.

"हॅलो," तिकडून आवाज आला. तोच आवाज, जरा जाड झालेला.

साहेबांनी दिवसभर मनात जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पसार झाली. "त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय ठेवला होतास रे?" ते एकदम म्हणाले.

तिकडे मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"सांगू नकोस म्हणाला होतास," धाकटा म्हणाला. "विचारलं तरी सांगू नकोस, म्हणाला होतास."

"आता म्हणतोय, सांग."

"राऊटर बदलला वाटतं?"

"हो."

"आणि आपोआपवर टाकायचंय?"

"हो रे बाबा, हो! आपोआपवर टाकायचंय! संध्याकाळ होत आली, वेळ चाललाय माझा. सांगतोस की नाही?"

धाकटा खाकरला. "चिडणार नसशील तर सांगतो. इंग्रजी अक्षरांत लिही. सलग. दादा हट्टी आहे."

"काय?"

"तोच पासवर्ड आहे. दादा हट्टी आहे."

साहेबांनी फोन खांद्याशी धरला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहायला सुरुवात केली. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते, पण आपण काय लिहितोय हे साहेबांना चांगलं कळत होतं. एकदा चुकलं. पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. तिकडे धाकटा हसू दाबतोय हे इतक्या लांबून, इतक्या वर्षांनीही ओळखू येत होतं. चौकट मिटली. साहेबांनी 'आपोआप'वर खूण केली. कॉम्प्युटर क्षणभर विचारात पडला आणि पिवळा त्रिकोण निघून गेला.

"लागलं का?" धाकट्याने विचारलं.

"थांब." पान हळूहळू उघडत होतं. आधी वरची पट्टी, मग रिकाम्या चौकटी, मग एकेक सोंगटी. साहेबांचं लक्ष सोंगट्यांकडे नव्हतंच, कडेच्या घड्याळाकडे होतं. तिथे काही घटकांचा वेळ उरलेला असणार होता. पण तिथे दिवस दाखवत होते. दोन दिवस, आणि वर काही तास. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घड्याळाखाली बारीक हिरव्या अक्षरांत एक ओळ होती. प्रतिस्पर्ध्याने तुम्हाला वेळ वाढवून दिला आहे. काल.

काल. म्हणजे फोन करायच्या आधी. कुणी मागायच्याही आधी. सकाळपासूनची सगळी धावपळ, बासरी, आखूड वायर, आपटलेला गुडघा, यातलं काही केलं नसतं तरी डाव तसाच थांबून राहणार होता. तिकडे कुणीतरी घड्याळ बघत बसलं होतं, आणि दादा पट सोडून उठला असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

एकच दिवस दे, असं तो म्हणाला होता.

"दादा? बंद पडलं का पुन्हा?"

"नाही. लागलंय." साहेबांनी माऊसवरून हात काढला. "तू बटण दाबलंस."

"दोन दिवस झाले तरी तू दिसला नाहीस. म्हटलं, काहीतरी अडलं असेल." मग धाकटा घाईने म्हणाला, "घोडा मागे घे. तेवढी एकच चाल आहे तुला."

"मला माहितीये."

"मग घे की."

साहेबांनी घोड्याला हात लावला नाही. "ऐक," ते म्हणाले. आवाज साधा ठेवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला, तो काही साधा राहिला नाही. "तिचा पाय कसा आहे रे?"

फोन तुटला की काय म्हणून साहेबांनी तो कानापासून दूर नेऊन बघितला आणि पुन्हा कानाला लावला.

"तिलाच विचार," धाकटा शेवटी म्हणाला. "थांब. देतो तिला."

तिकडे हाक गेली, एक खुर्ची सरकली. मग पावलं ऐकू येऊ लागली. एक पाऊल नीट पडत होतं आणि दुसरं थोडं उशिरा, घासत. ती फोनपाशी पोचायच्या आत साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.